लेसवरची हळद

वर्तककाकूंना हळदीकुंकवाचं बोलावणं येत नसे, हळदीकुंकवाचे डाग मात्र दरवर्षी नेमाने येत.

संक्रांत झाली की लखनौच्या मराठी बायकांची हळदीकुंकवं सुरू होत. आज इंदिरा नगरात कुणाकडे, उद्या जानकीपुरमला, परवा छावणीत एखाद्या मेजरसाहेबांच्या क्वार्टरवर. आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर एक-दोन दिवसांत काकूंच्या दाराची बेल वाजे. कुणाच्या चिकनकारीच्या ओढणीवर कुंकू सांडलेलं असे, कुणाच्या लेसच्या बाह्यांवर अत्तराचे पिवळट ठिपके पडलेले असत. काकू कापड खिडकीपाशी नेत, उजेडात धरत, वास घेत आणि चार दिवसांनी या म्हणत. चार दिवसांनी डाग गेलेला असे. बाई तोंडभर आभार मानून, उभ्याउभ्या चहा पिऊन निघून जाई, ती थेट पुढच्या संक्रांतीला उगवे.

दत्तात्रय वर्तक बँकेच्या नोकरीपायी लखनौला आले आणि इथलेच झाले. रिटायर झाल्यावर साताऱ्याला परत जायचं म्हणत राहिले आणि जायच्या आधीच वारले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून काकूंचं बोलावणं बंद झालं. बंद केलं असं कुणी म्हणणार नाही. सगळ्या शिकल्यासवरलेल्या बायका. विचारलं तर म्हणतील, अहो काकू, हल्ली असं काही मानत नाही कुणी. फक्त बोलवायचं राहून जातं. दरवर्षी, न चुकता, राहून जातं.

मुलगा सुजय पुण्यात होता. रविवारी त्याचा फोन येई. जेवलीस का, गुडघा कसा आहे, आणि मग ऑफिसचा दुसरा फोन येतोय म्हणून तो ठेवून देई. रविवारीसुद्धा ऑफिसचा फोन येतो, यावर काकू विश्वास ठेवत, कारण न ठेवून करणार काय. बाकीच्या दिवसांत घरात टीव्ही बोले आणि काकू त्याला उत्तरं देत.

अशा घरात यंदा अवनी आली. अवनी भागवत, नवऱ्याची बदली बँकेच्या हजरतगंज शाखेत झाली म्हणून सांगलीहून नुकतीच आलेली. जानकीपुरमला राहायची, स्कूटी दामटत यायची. तिने पिशवीतून टॉवेलची घडी काढली, ती उलगडली आणि आत एक रुमाल होता. क्रोशाने विणलेला, गोल, तबकावर झाकायचा. दोरा इतका बारीक की काकूंनी आधी चष्मा पुसला. कडेने मोर विणले होते, एकामागे एक, आणि त्यातल्या दोन मोरांवर लालपिवळा डाग पसरला होता.

मंडळाच्या हळदीकुंकवाला तिने हौसेने नेला होता, अवनी म्हणाली. कुणीतरी गुलाबपाणी शिंपडताना हात सैल सोडला आणि करंड्यातली हळद, कुंकू सगळं वाहून रुमालात उतरलं. रुमाल सासूबाईंनी लग्नाआधी स्वतः विणलेला. रथसप्तमीला अवनीचं घरचं पहिलं हळदीकुंकू होतं आणि त्यासाठी सासूबाई सांगलीहून यायच्या होत्या.

"त्या काही बोलायच्या नाहीत, काकू," अवनी म्हणाली. "पण बघतील. आणि माझ्या हातात आल्यावर पहिल्याच वर्षी असं झालं, हे माझ्याच मनातून जाणार नाही."

काकूंनी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. हळद पूजेच्या दुकानातली की स्वयंपाकाची? कारण या दोघींचं सोयरसुतक नसतं. स्वयंपाकाची खरी हळद चिवट असली तरी तिला ऊन सोसत नाही. ओल्या कपड्यावर चांगलं ऊन पडलं की ती उडून जाते. पूजेच्या पुड्यांत मात्र बऱ्याचदा नुसता रंग असतो, आणि तो एकदा बसला की सरकारी नोकरीसारखा, हलायचं नाव नाही. अवनीने मंडळात फोन करून विचारलं. हळद सांगलीचीच, कुणीतरी खास आणलेली. मग जाईल, काकू म्हणाल्या, निर्धास्त राहा.

लेसच्या बाबतीत काकूंचे नियम कडक होते. चोळायचं नाही, पिळायचं नाही, ब्रश तर बघायचाही नाही. त्यांनी रुमाल जुन्या उशीच्या अभ्र्यावर कच्च्या दोऱ्याने टाचून घेतला, म्हणजे धुताना आकार बिघडत नाही. मग डाग खाली करून टॉवेलवर पसरला आणि उलट्या बाजूने ओल्या बोळ्याने टिपत बसल्या, म्हणजे रंग जिथून आला तिथूनच परत खाली टॉवेलात उतरतो. कुंकू दोनतीन दिवसांत निघालं. साबण लागल्यावर हळद लालभडक झाली तेव्हा अवनीचा चेहरा उतरला. काकू हसल्या आणि म्हणाल्या, चिडलीय ती, पाणी घातलं की शांत होईल. झालीही. मागे उरला फिकट पिवळा ढग, आणि त्याला हवं होतं ऊन.

आणि ऊन नव्हतं. लखनौचा जानेवारी ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. सकाळी धुक्यात गॅलरीतून समोरचं घर दिसत नाही, दुपारी सूर्य दुधाच्या डागासारखा कुठेतरी वर असतो आणि चारला पुन्हा सगळं मिटतं. "अगं, कोहरा हटेल तेव्हा धूप निघेल, आणि धूप निघेल तेव्हा डाग," काकू सांगत. अवनी दोन दिवसांआड येऊन बघून जाई.

बघायला दोन मिनिटं पुरत. पण आल्यावर चहा व्हायचा, चहाबरोबर काकूंचं बोलणं व्हायचं. लखनौला पहिल्यांदा आल्या तेव्हा भाजीवाल्याला गवार कशी समजावून सांगितली इथपासून ते वर्तकांना मटारचा निमोना इतका आवडायला लागला की घरच्या आमटीला ते नाकं मुरडू लागले इथपर्यंत. कित्येक वर्षांचं साठलेलं होतं, आता बांध फुटला. अवनी ऐकायची. मध्येच कधी "आमच्या आई पण ना, काकू," असं सुरू करायची, की काकूंना त्यावरून आपली सासू आठवे आणि गाडी तिकडे वळे. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून काकू आदल्या दिवशीच शंकरपाळी करून ठेवू लागल्या. टीव्हीला उत्तरं देणं बंद झालं. गॅलरीत रुमालाऐवजी रस्त्याकडेच जास्त लक्ष राहू लागलं, आणि हवामानाच्या बातम्यांत उद्याही धुकं म्हटलं की बरं वाटू लागलं.

मग एक दिवस ऊन पडलं. सणसणीत, जानेवारीची सगळी उधारी फेडल्यासारखं. काकूंनी रुमाल ओला करून गॅलरीत पसरला आणि दुपारी बघतात तर डाग नाही. मोर असे पांढरे की डोळे दिपावेत. आजवर डाग गेला की काकूंचा ऊर भरून येई. त्या दिवशी त्या रुमाल हातात घेऊन खुर्चीत बसल्या आणि त्यांना रडू आलं. आता ती येणार, रुमाल घेणार, आभार मानणार. पुढची संक्रांत फार लांब होती.

संध्याकाळी अवनीचा फोन आला. निघाला का, तिने विचारलं.

"अजून किंचित आहे," काकू म्हणाल्या.

तोंडून निघून गेलं. म्हणजे ठरवून बोलल्या नाहीत, हे खरं. पण निघून गेल्यावर परत घ्यावंसं वाटलं नाही, हेही तितकंच खरं. अवनी म्हणाली, मग उद्या येऊन बघते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी सकाळपासून शंभरदा ठरवलं की खरं सांगायचं. म्हणायचं, अगं, आज सकाळच्या उन्हात गेला बघ उरलेला. शंकरपाळ्यांचा डबा काढला, कप मांडले, आणि रुमाल मांडीवर घेऊन वाट बघत बसल्या. खाली फाटकाची कडी वाजली. आणि त्याच क्षणी त्यांना दिसलं की ही शेवटची कडी. देव्हारा हाताशी होता. चांदीच्या कोयरीतली चिमूटभर हळद त्यांनी उचलली, ओठाने ओल्या केलेल्या बोटावर घेतली आणि एका मोराच्या डोक्यावर टेकवली. ठिपका एवढासा, तुरीच्या डाळीएवढा. एका उन्हात उडाला असता. वयाची सत्तरी जवळ आलेली बाई हे असलं करते, आणि दार उघडताना तिचं काळीज परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरीसारखं उडत असतं.

अवनीने ठिपका पाहिला, एवढाच ना, म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. मग बसली, बराच वेळ बसली. काकूंनी त्या दिवशी वर्तकांच्या शेवटच्या आजारपणाचं सांगितलं, जे त्यांनी सुजयलाही कधी धड सांगितलं नव्हतं. अवनीने त्यांचा हात हातात घेतला. मग तीही काहीतरी सांगू लागली, तिच्या घरी तिच्या सासऱ्यांच्या वेळी, असं काहीसं. पण काकूंना हुंदका आला आणि ते तिथेच राहिलं.

ती गेल्यावर काकूंनी रुमाल ओला करून उन्हात टाकला. संध्याकाळी ठिपका होता. दुसऱ्या दिवशीही ऊन लखलखीत होतं, आणि ठिपकाही. तिसऱ्या दिवशी तो अधिकच झळझळीत वाटू लागला तेव्हा काकू उठून देव्हाऱ्यापाशी गेल्या, कोयरीतली हळद तळहातावर घेतली आणि मटकन खाली बसल्या. कोयरीतली हळद पूजेच्या दुकानातली होती. स्वयंपाकघरात भावाने पाठवलेली सांगलीची हळद डबाभर होती. पण देवाला कुठे आमटी करायचीय, म्हणून देव्हाऱ्यात त्या नेहमी स्वस्तातली पुडीच भरत. लखनौतल्या प्रत्येक मराठी बाईला पहिला प्रश्न जो विचारायचा, तो त्यांनी स्वतःला तेवढा विचारला नव्हता.

त्यांनी लिंबू लावून पाहिलं, खायचा सोडा लावून पाहिला, ताकात भिजवून पाहिलं. आणखी जोर केला असता तर दोराच तुटला असता. रथसप्तमीला सकाळी अवनी आली तेव्हा रुमाल धुऊन, पेजेत बुडवून, टाचण्यांनी ताणून वाळवलेला होता. नव्यासारखा दिसत होता, त्या पिवळ्याधमक ठिपक्यासकट.

"नाही निघाला," काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

अवनी ठिपक्याकडे बघत राहिली. म्हणाली, असू दे काकू, तुम्ही किती केलंत. सासूबाई काल आल्या होत्या, आल्याआल्या रुमाल कुठे आहे म्हणून त्यांनी विचारलं होतं. हे ती उगाच, सहज सांगितल्यासारखं म्हणाली, पण रुमाल टॉवेलात गुंडाळताना तिच्याकडून दोनदा घडी चुकली. चहाला थांबली नाही. घरी बायका यायच्या होत्या, खूप कामं होती. काकूंनी तिला जिन्यापर्यंत सोडलं. संध्याकाळी तुम्हीही या, असं ती म्हणाली नाही. राहून गेलं असेल.

काकूंनी दुपारी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. डोळ्यांसमोर ती न पाहिलेली सासू येत होती. अंगाने भरलेली, ठसठशीत कुंकू, तबकापाशी उभं राहून मोर निरखणारी आणि काही न बोलणारी. बायकांच्या घोळक्यात सुनेने मान खाली घातलेली. त्या पोरीने चहा पिऊन आपली कर्मकहाणी ऐकली, हात हातात घेतला, आणि बदल्यात आपण काय दिलं तर डाग. काकूंना स्वतःची अशी लाज कधी वाटली नव्हती. चार वाजता त्यांनी साडी बदलली आणि ऑटो केली.

जानकीपुरमच्या त्या फ्लॅटच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. दार उघडंच होतं. काकू आत शिरल्या आणि बोलणं थांबलं. सगळ्या ओळखीच्या, निम्म्याजणींचे डाग काकूंनी काढलेले. कुंकवाचं बोट घेऊन उभी असलेली बाई तशीच उभी राहिली, कारण पुढे काय करायचं ते तिला सुचेना. अवनी लगबगीने पुढे आली. या ना काकू, म्हणाली, पण तिची नजर एकदा बायकांकडे जाऊन आली, ती काकूंनी पाहिली.

"मी बसायला नाही आले," काकू म्हणाल्या. "तुझ्या सासूबाईंशी मला बोलायचंय. कुठे आहेत त्या?"

अवनीने आतल्या खोलीकडे हात केला.

आत पलंगाच्या कडेला एक काटकुळी बाई बसली होती. समोर परातीत भिजवलेले हरभरे आणि तिळाच्या वड्या, बाजूला कागदी पिशव्यांची चळत. बाहेरच्या सवाष्णींची ओटी भरायची तयारी ती इथे बसून करत होती. कपाळ मोकळं होतं. काकूंना एका नजरेत सगळं कळलं. इतके दिवस ती मुलगी येत होती, आणि तिची सासू विधवा आहे हे आपल्याला ठाऊक नाही.

तरी त्या सांगायला आल्या होत्या ते त्यांनी उभ्यानेच सांगितलं. मी वर्तक. रुमालावरचा डाग अवनीचा नाही, माझा आहे. तिने आणलेला डाग केव्हाच गेला होता. ते तिला कळलं असतं तर ती यायची थांबली असती, म्हणून मी माझ्या हाताने दुसरा लावला. तो उन्हात जाईल असं वाटलं होतं, गेला नाही.

"मला तिची सवय लागली होती," त्या शेवटी म्हणाल्या.

हे ऐकताना अवनीच्या सासूबाईंचे, लताबाईंचे, हात थांबले नव्हते. हातातली पिशवी भरून, दुमडून बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "रुमाल तबकावर आहे. तबक बाहेर आहे. मी कुठे जातेय बघायला?"

"पण तुम्ही आल्याआल्या विचारलंत म्हणे."

"विचारलं. काल हातात घेऊन बघता आला असता. आज काय, आज तो त्यांचा." त्यांनी दाराकडे मान केली. "सून म्हणते, आई, बाहेर बसा. ती मनापासून म्हणते. मीच नको म्हणते. तुम्हाला बोलली नाही का ती कधी?"

"बोलायला लागली असेल," काकू म्हणाल्या. "मी बोलूच दिलं नाही तिला."

यावर लताबाई पहिल्यांदा हसल्या. "हो. ते मात्र सांगितलंय तिने."

भरलेल्या पिशव्या न्यायला अवनी दारात आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, पण तिचा चेहरा सांगत होता की पुरेसा वेळ. काकूंनी तिच्याकडे पाहिलं.

"मी किती घाबरले होते, काकू," अवनी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तुम्ही नुसतं ये म्हणाला असता, तर आले नसते का मी?" आणि पिशव्या उचलून ती बाहेर निघून गेली.

बाहेर कुणीतरी उखाणा घ्यायला सुरुवात केली, बाकीच्या हसू लागल्या. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. ये म्हणायचं. इतकी वर्षं लोक बोलावत नाहीत म्हणून त्या कुढत होत्या, आणि आपण कुणाला शेवटचं ये कधी म्हटलं, हे त्यांना आठवेना. वर्तक गेल्यापासून त्यांच्या घरी बायका आल्या त्या फक्त डाग घेऊन.

"बसा," लताबाई म्हणाल्या आणि परात थोडी सरकवली. "राग येतो तिला, पण ती तो सांभाळून ठेवत नाही. माझ्याकडे बघा, मी ठेवते."

काकू बसल्या. दोघी मिळून पिशव्या भरू लागल्या, मूठभर हरभरे, दोन वड्या. हरभऱ्यांवरून काकूंना एक गोष्ट आठवली, अगदी ओठांवर आली. ती त्यांनी गिळली. त्याऐवजी विचारलं, इथे किती दिवस मुक्काम.

लताबाईंनी सांगितलं, परवाच्या गाडीचं रिझर्वेशन आहे. इथे करमत नाही. आणि मग म्हणाल्या, तसं तिथेही कुठे करमतं.

हातातली पिशवी काकूंनी परातीच्या कडेवर ठेवली.

"मग उद्या माझ्याकडे या," त्या म्हणाल्या. "काम काही नाही. नुसत्याच या."

लताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर उखाणा संपला होता, आता दुसरीला आग्रह चालला होता.

"कुठून बस मिळते?" त्यांनी विचारलं.